शहरात विद्युत हवाई टॅक्सी उतरवण्याचे व्यवस्थापन : जागेच्या आखणीपासून आणीबाणीपर्यंत

विमानतळावर उतरायला आलेल्या प्रवासी विमानाला दहा-पंधरा मिनिटे घिरट्या घालायला सांगितले, तर प्रवासी वैतागतात, थोडे जास्त इंधन जळते आणि विमान उशिरा का होईना, उतरते. बॅटरीवर चालणाऱ्या हवाई टॅक्सीला हीच सूचना सहज देता येत नाही. तिच्याजवळची विजेची शिल्लक मुळातच तुटपुंजी असते, आणि प्रवासातला सर्वाधिक वीज खाणारा टप्पा, म्हणजे अधांतरी थांबत सरळ खाली येणे, नेमका बॅटरी उतरत आलेली असताना येतो. म्हणून या लेखातील सगळी मांडणी एका नियमाभोवती फिरते : समोरच्या टोकाला उतरण्याची जागा त्या विमानाच्या नावावर राखून ठेवल्याशिवाय या टोकाहून विमान उडू द्यायचे नाही. जागेचे मोजमाप, विजेची जोडणी, माणसांची नेमणूक आणि आणीबाणीची तयारी या सर्व गोष्टी हा नियम रोज पाळता यावा यासाठीच करायच्या असतात.

हा लेख व्हर्टिपोर्ट, म्हणजे सरळ वर-खाली उडणाऱ्या विमानांचा तळ, उभारू किंवा चालवू पाहणाऱ्यांसाठी लिहिला आहे. विमान वाहतुकीचे नियम प्रत्येक देशात वेगळे असल्याने परवानगीची कागदपत्रे स्थानिक नियामकाकडूनच समजून घ्यावी लागतील. कामाची पद्धत मात्र सगळीकडे साधारण सारखीच राहते.

पहिली पायरी : विमानाची माहिती मिळवा

जागा पाहण्याआधी तिथे कोणते विमान उतरणार हे ठरले पाहिजे. निर्मात्या कंपनीकडून किमान पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात : विमानाचे कमाल वजन, चाके किंवा पाय टेकतात त्या ठिकाणी पृष्ठभागावर येणारा भार, आडव्या वाऱ्याची मर्यादा, अधांतरी थांबताना लागणारी वीज, पंख्यांखालून सुटणाऱ्या वाऱ्याचा मोजलेला नकाशा, चार्जिंगच्या जोडणीचा प्रकार आणि विमानाचे 'डी' माप. विमान वरून पाहिल्यास त्याचा सगळा आकार ज्यात मावेल अशा लहानात लहान वर्तुळाचा व्यास म्हणजे डी. पुढची सर्व मापे याच एका आकड्याच्या पटीत येतात, त्यामुळे तो 'सुमारे' स्वरूपात स्वीकारू नये.

चार्जिंगच्या जोडणीबद्दल आधीच विचारून घेणे फार महत्त्वाचे आहे. विद्युत मोटारींसाठी वापरली जाणारी सीसीएस पद्धत बीटा आणि आर्चर या कंपन्यांनी स्वीकारली आहे, तर जॉबी कंपनीने आपली स्वतंत्र पद्धत पुढे आणली आहे. एका कंपनीचा प्लग गृहीत धरून गच्चीवर केबल टाकल्या आणि करार दुसऱ्या कंपनीशी झाला, तर पुन्हा फरशी फोडावी लागते.

विमान वैमानिक चालवणार की आपोआप चालणार, हाही प्रश्न आता नुसता कल्पनेतला राहिलेला नाही. चीनच्या नियामकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ईहँग कंपनीच्या दोन आसनी, वैमानिकाशिवाय उडणाऱ्या विमानाला प्रकार-प्रमाणपत्र, म्हणजे त्या रचनेच्या सुरक्षिततेची अधिकृत मान्यता, दिले. अशा विमानाच्या बाबतीत 'थांबा' ही सूचना नेमकी कोणाला आणि कोणत्या मार्गाने द्यायची हे करारातच लिहिलेले असले पाहिजे.

आता विजेचा हिशेब करू. समजा, विमानाचे वजन २,४०० किलो आहे आणि सर्व पंख्यांच्या फिरण्याचे एकूण क्षेत्रफळ ४० चौरस मीटर आहे. भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्राने ते अधांतरी ठेवायला सुमारे ३६५ किलोवॉट लागतात. पंखे, मोटारी आणि वायरिंगमधील तूट धरली तर आकडा ५०० किलोवॉटच्या पुढे जातो. म्हणजे अधांतरी काढलेल्या प्रत्येक मिनिटाला आठ ते नऊ युनिट वीज खर्च होते. तेच विमान पंखांच्या आधाराने पुढे जात असताना साधारण १८० किलोवॉटवर, म्हणजे मिनिटाला तीन युनिटांवर भागते असे धरू. खाली कोणीतरी ट्रॉली हलवायला विसरले म्हणून विमान पॅडवर, म्हणजे टेकण्याच्या जागेच्या वर, एक मिनिट लटकत राहिले, तर समोर जाण्याची तीन मिनिटे संपली. हा हिशेब तळावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, अगदी सफाई कामगारालाही, पाठ असावा असे माझे मत आहे.

यात आणखी एक अडचण आहे. बॅटरी उतरत गेली की तिचा विद्युत दाब खाली येतो, आणि तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी तिच्यातून जास्त प्रवाह ओढावा लागतो. जास्त प्रवाहाने ती तापते. त्यामुळे पडद्यावर दिसणारे २० टक्के पहिल्या वर्षी आणि तिसऱ्या वर्षी सारखेच कामाचे असतील असे नाही. शिल्लक टक्क्यांत विचारू नये. या बॅटरीवर अजून किती वेळ अधांतरी थांबता येईल, असे विचारावे.

दुसरी पायरी : जागा आणि तिच्याकडे येणारी वाट मोजा

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हर्टिपोर्टच्या रचनेविषयी एक तांत्रिक टिपण काढले. त्यात तीन क्षेत्रे एकात एक सांगितली आहेत. विमान प्रत्यक्ष टेकते ती जागा डीच्या एक पट, विमान ज्या हवाई जागेत शेवटचा टप्पा पूर्ण करते ते क्षेत्र डीच्या दुप्पट आणि त्याभोवतीचे सुरक्षा क्षेत्र धरून एकूण तिप्पट. डी १२ मीटर असेल तर टेकण्याची जागा १२ मीटर, भोवतीचे क्षेत्र २४ मीटर आणि सगळे मिळून ३६ मीटर होते. ३६ मीटर लांब-रुंद आणि अडथळ्यांपासून मुक्त अशी गच्ची शहरात शोधायला निघाल्यावरच हा आकडा किती मोठा आहे ते कळते. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, अँटेना आणि वातानुकूलनाची यंत्रे यांनी बहुतेक गच्च्या भरलेल्या असतात.

जागेपेक्षा तिच्याकडे येणारी वाट अधिक अवघड असते. त्याच टिपणानुसार विमानाची येण्याची उतरंड आठास एक धरायची, म्हणजे ८ मीटर दूर गेल्यावर १ मीटर उंची. तळापासून ४०० मीटरवर त्या वाटेत ५० मीटरपेक्षा उंच काही नको. युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेने मार्च २०२२ मध्ये दाट वस्तीचा विचार करून वेगळी कल्पना मांडली : तळाच्या डोक्यावर नरसाळ्याच्या आकाराची मोकळी हवा राखायची आणि विमानाने तिच्यातून बरेचसे सरळ खाली यायचे. कागदावर ही कल्पना शहराला सोयीची दिसते, पण तिची किंमत बॅटरीला मोजावी लागते, कारण उतरंड जितकी उभी तितका अधांतरी वेळ जास्त. उतारावरून येण्याची वाट मिळत असेल तर तीच घ्यावी. नरसाळे हा पर्याय जागेचा नाइलाज असेल तेव्हाचा.

वाटा किमान दोन असाव्यात आणि त्या वाऱ्याच्या मुख्य दिशांशी जुळणाऱ्या असाव्यात. त्यासाठी निदान वर्षभराची वाऱ्याची नोंद, तीही त्याच गच्चीवरची, हाती हवी. कित्येक किलोमीटर दूरच्या विमानतळावरचा वारा इथे उपयोगी पडत नाही. शिवाय वाट एकदा मोजली की काम संपत नाही. शेजारच्या भूखंडावर उभी राहिलेली टॉवर क्रेन एका रात्रीत आठवड्याभराचे वेळापत्रक मोडू शकते. आसपासच्या बांधकाम परवान्यांची माहिती तळाकडे आपोआप येईल अशी लेखी व्यवस्था स्थानिक प्रशासनाबरोबर करावी, आणि तरीही रोज सकाळी एका माणसाने दुर्बीण घेऊन दोन्ही वाटा डोळ्यांनी पाहाव्यात.

तिसरी पायरी : वाऱ्याचा बंदोबस्त

या पायरीवर जास्त वेळ द्यावा लागेल, कारण इथे वारा दोन्हीकडून त्रास देतो : शहराचा वारा विमानाला आणि विमानाचा वारा शहराला.

आधी विमानाचा वारा घेऊ. वर धरलेल्या उदाहरणातील विमानाच्या पंख्यांमधून हवा सेकंदाला साधारण साडेपंधरा मीटर वेगाने खाली जाते आणि खाली जाताना तिचा वेग तत्त्वतः दुपटीपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटरपर्यंत वाढतो. जमिनीवर आपटून ती चहूबाजूंना पसरते. अनेक पंखे असलेल्या विमानात दोन पंख्यांचे झोत एकमेकांना भिडून ठरावीक दिशांना जास्त जोरदार निघतात, त्यामुळे एका बाजूला निर्धास्त उभा असलेला माणूस चार पावले सरकल्यावर कोलमडू शकतो. हेलिकॉप्टरचा अनुभव इथे तंतोतंत लागू पडत नाही.

हा धोका ऐकीव नाही. ब्रिटनमधील प्लिमथ येथे मार्च २०२२ मध्ये एका रुग्णालयाच्या हेलिपॅडवर बचाव कार्यासाठीचे मोठे हेलिकॉप्टर उतरत असताना लगतच्या वाहनतळातून जाणाऱ्या माणसांना वाऱ्याने खाली पाडले. त्यात एका वृद्ध महिलेचा मृत्यू झाला. हेलिकॉप्टर सुरक्षित उतरले होते. तळाची हद्द जिथे संपते तिथे वारा संपत नाही, हा त्यातला धडा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी प्रशासनाने आपले टिपण सुधारले तेव्हा वाऱ्याचा झोत ताशी सुमारे ५५ किलोमीटरच्या वर जातो ते सर्व क्षेत्र सावधानतेचे क्षेत्र म्हणून आखण्याची भर त्यात घातली.

प्रत्यक्षात काम असे करावे. निर्मात्याने दिलेला वाऱ्याचा नकाशा तळाच्या नकाशावर ठेवून ताशी ५५ किलोमीटरची रेषा आखावी. रिकाम्या विमानाच्या चाचणी लँडिंगच्या वेळी त्या रेषेवर आणि तिच्या बाहेर वेगमापक यंत्रे लावून ती तपासावी. रेषेच्या आत प्रवाशांची ये-जा, वाहनतळ, उघडी गॅलरी किंवा पदपथ येत असेल, तर लँडिंगच्या वेळी तो भाग बंद करण्याची सोय हवी. ती नसेल तर पॅड सरकवावा. खडी, सैल पत्रे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणे, ताडपत्री, वाळत घातलेले कपडे, बांधकामाचे प्लास्टिक यांची दिवसातून दोनदा फेरी मारून तपासणी करावी. हलके प्लास्टिक पंख्यात ओढले गेले तर नुकसान विमानाचे होते आणि जड पत्रा उडाला तर खालच्या रस्त्यावरच्या माणसाचे.

आता शहराचा वारा. वाऱ्याचा प्रवाह इमारतीच्या कडेवर आपटून वर उसळतो आणि गच्चीवर भोवरे तयार करतो. गच्चीच्या मध्यभागी खांबावर लावलेले एकच यंत्र सरासरी वारा सांगते. विमानाला त्रास सरासरीचा होत नाही, उसळीचा होतो. समुद्रातील तेलविहिरींवरच्या हेलिपॅडसाठी ब्रिटनमध्ये वापरला जाणारा निकष इथे मार्गदर्शक ठरू शकतो : उभ्या दिशेच्या वाऱ्याच्या वेगातील चढउताराचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून पडणारा सर्वसाधारण फरक, सेकंदाला १.७५ मीटरपेक्षा जास्त नसावे. पॅड गच्चीपासून काही मीटर उंच खांबांवर उभारून खालून वारा वाहू दिला, तर भोवरे बरेच कमी होतात. त्याच निकषांमध्ये तापमानाचाही उल्लेख आहे. आजूबाजूच्या हवेपेक्षा २ अंश सेल्सिअसने जास्त गरम हवा वाटेत आली तरी तिची दखल घ्यायला सांगितले आहे, कारण गरम हवा विरळ असते आणि पंख्यांना तिच्यात कमी आधार मिळतो. इमारतीच्या वातानुकूलन यंत्रांचा आणि जनरेटरचा धूर-वाफ कोणत्या दिशेला जाते, हे उन्हाळ्याच्या दुपारी स्वतः गच्चीवर उभे राहून पाहावे.

या सगळ्यातून एक छोटा तक्ता तयार व्हावा : कोणत्या दिशेचा किती वारा असताना कोणती वाट चालू, कोणती बंद आणि केव्हा संपूर्ण तळ बंद. हा निर्णय तक्त्याने घ्यावा. त्या क्षणी कामावर असलेल्या माणसावर तो टाकू नये, कारण प्रवासी रांगेत उभे असताना माणसाचा कल नेहमी 'अजून एक होऊन जाऊ दे' याच बाजूला असतो.

चौथी पायरी : क्षमता मोजताना पॅडपेक्षा स्टँडकडे पाहा

नव्या तळाची जाहिरात होते ती ताशी किती लँडिंग होणार या आकड्याने. तो आकडा तपासायचा तर घड्याळ लावून बसावे. समजा, शेवटच्या टप्प्यापासून टेकेपर्यंत दीड मिनिट, पंखे थांबून ओढगाडी जोडून विमान बाजूला नेईपर्यंत दोन मिनिटे, निघणारे विमान पॅडवर आणायला दीड मिनिट आणि तपासणी करून उडायला एक मिनिट लागते. एका येण्या-जाण्याला पॅड सहा मिनिटे अडकला. कागदावर ताशी दहा फेऱ्या होतात; पण वारा, उशीर आणि माणसांचा वेग धरून त्यातील सातच नियोजनात घ्याव्यात.

आता स्टँड, म्हणजे पॅडवरून बाजूला नेलेले विमान उभे करण्याची जागा. प्रवासी उतरायला तीन मिनिटे, चार्जिंगला पंधरा, नवे प्रवासी बसायला चार आणि तपासणीला दोन, अशी २४ मिनिटे एक विमान स्टँडवर उभे राहते. ताशी सात विमाने गुणिले २४ मिनिटे म्हणजे १६८ मिनिटे. ६० ने भागले की २.८ स्टँड लागतात. इथे बहुतेक जण तीन लिहून मोकळे होतात आणि फसतात. तीन स्टँड सदैव भरलेले असतील आणि चौथे विमान उतरले, तर ते पॅडवरच उभे राहील. आणि पॅड मोकळा नाही म्हणून स्टँडवरची तिन्ही विमाने उडू शकणार नाहीत. कोणीच हलू शकत नाही अशी ही कोंडी आहे, आणि ती व्हायला कोणताही बिघाड लागत नाही, पाच मिनिटांचा उशीर पुरतो. म्हणून चौथा स्टँड कामासाठी आणि पाचवा कायम रिकामा ठेवावा. त्या रिकाम्या स्टँडवर सामान, ट्रॉली किंवा 'दोन मिनिटांसाठी' कोणाचे विमान लावायला मनाई असावी. व्यवस्थापकाला तो रोज वाया गेल्यासारखा दिसेल, तरीही तो द्यायचा नाही.

विजेचेही असेच आहे. ३० किलोमीटरच्या फेरीला ताशी २०० किलोमीटर वेगाने नऊ मिनिटे, म्हणजे २७ युनिट, आणि चढण्या-उतरण्याचे सुमारे १७ मिळून ४५ युनिटांच्या आसपास वीज लागते. चार्जरमधील तूट धरून शहराच्या वीजजाळ्यातून ५० युनिट घ्यावे लागतील. ताशी सात फेऱ्यांना सरासरी मागणी ३५० किलोवॉट होते, पण चारही स्टँडवर एकाच वेळी चार्जिंग सुरू झाले तर क्षणिक मागणी ८०० किलोवॉटला जाते. एवढी जोडणी मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास तळावर साठवणुकीची बॅटरी ठेवावी किंवा चार्जिंग पाळीपाळीने करून त्याचा वेळ २४ मिनिटांच्या हिशेबात प्रामाणिकपणे वाढवावा. लागोपाठच्या फेऱ्यांनी तापलेली बॅटरी सावकाश चार्ज होते, त्यामुळे दुपारची २४ मिनिटे सकाळच्या २४ मिनिटांसारखी नसतात.

पाचवी पायरी : जागा राखणे आणि विमान सोडणे

प्रत्येक फेरीसाठी उड्डाणाआधी चार गोष्टींना होकार मिळाला पाहिजे : पोहोचण्याच्या वेळी पॅड मोकळा, स्टँड मोकळा, पर्यायी तळावर जागा राखलेली आणि दोन्ही ठिकाणचे हवामान तक्त्याच्या आत. चारपैकी एकाचाही होकार नसेल तर विमान जमिनीवरच थांबवावे. प्रवाशाला खुर्चीत दहा मिनिटे बसवून ठेवणे ही साधी गैरसोय आहे.

राखीव विजेचा नियम देशोदेशी वेगळा आहे. अमेरिकेत डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी २० मिनिटांचे इंधन शिल्लक ठेवायला सांगितले जाते. आपल्या उदाहरणातील विमानाला २० मिनिटे म्हणजे ६० युनिट, एका फेरीला लागणाऱ्या विजेपेक्षाही जास्त. नियम काहीही असो, तळाच्या दृष्टीने हिशेब असा मांडावा : मुक्कामी उतरण्याचा एक प्रयत्न फसला, विमान पुन्हा वर गेले, पर्यायी तळापर्यंत पोहोचले आणि तिथे उतरले, तरी नियमाची शेवटची राखीव वीज शाबूत राहिली पाहिजे. पर्यायी तळ जवळ असेल तर हे जमते. म्हणूनच शहरात एकुलता एक तळ सुरू करणे मला अविचाराचे वाटते; दुसरा तळ साधा, चार्जर नसलेला का असेना, पण मोकळा आणि परवानाधारक असावा.

वाटेत एक निर्णयबिंदू ठरवावा, ज्याच्या आधी विमान मुक्कामाला किंवा पर्यायी तळाला, कुठेही जाऊ शकते. त्या बिंदूवर तळाने स्पष्ट शब्दांत 'पॅड मोकळा, या' असे सांगायचे. उत्तर आले नाही तर तो नकार समजून वैमानिकाने वळायचे. निर्णयबिंदूनंतर मात्र पॅड दुसऱ्या कोणालाही, कितीही महत्त्वाच्या व्यक्तीला, देता येणार नाही. रुग्णवाहिका हेलिकॉप्टर अचानक येण्याची शक्यता असलेल्या तळावर त्याच्यासाठी वेगळी जागा असणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

सहावी पायरी : शेवटची दोन मिनिटे

पॅडप्रमुख या एकाच माणसाच्या हाती शेवटची सूचना असावी. दोन मिनिटे उरली असताना तो पॅडच्या कडेला ठरलेल्या जागी उभा राहतो, पाठीमागचे प्रवासी दार बंद आहे का ते हाताने ओढून पाहतो, ओढगाडी पिवळ्या रेषेमागे आहे याची खात्री करतो आणि वातकुक्कुटाकडे एकदा पाहतो. त्याच्या पट्ट्याला रेडिओ असतो, हातात मोबाइल नसतो. पॅडवर नजर फिरवून तो 'पॅड मोकळा' म्हणतो; हे शब्द पॅड पाहत असतानाच उच्चारायचे, नियंत्रण कक्षातल्या पडद्याकडे पाहून नाही. विमान ३० मीटरच्या खाली आल्यावर रेडिओवर 'थांबा, वर जा' याखेरीज कोणतीही सूचना जाऊ नये, आणि ती देण्याचा अधिकार मात्र तळावरच्या प्रत्येकाला असावा. चुकून दिली म्हणून कोणावर कारवाई झाली, तर पुढच्या वेळी खरी गरज असताना कोणी तोंड उघडणार नाही.

उपग्रहावर आधारलेले दिशादर्शन काचेच्या उंच इमारतींमध्ये दगा देऊ शकते, कारण संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात. म्हणून पॅडवरच्या खुणा आणि कडेचे दिवे स्पष्ट, स्वच्छ आणि आजूबाजूच्या जाहिरातफलकांपेक्षा वेगळे दिसणारे असावेत. रात्रीचे काम सुरू करण्यापूर्वी विमानातून त्या वाटेने येत हे तपासावे. जमिनीवरून उत्तम दिसणारे दिवे वरून शहराच्या झगमगाटात हरवतात.

सातवी पायरी : विमान टेकल्यानंतर

न्यूयॉर्कमधील पॅन अॅम इमारतीच्या गच्चीवर १६ मे १९७७ रोजी पंखा फिरत असतानाच प्रवासी हेलिकॉप्टरमध्ये बसत होते. उतरण्याच्या चाकांचा आधार धातूच्या थकव्याने तुटला, हेलिकॉप्टर कलंडले आणि पंख्याच्या पात्यांनी गच्चीवरील चार जणांचा बळी घेतला. पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडून तिथे चालणारी एक महिलाही मरण पावली. त्यानंतर ती गच्ची हेलिकॉप्टरसाठी बंदच झाली. विद्युत पंखे काही सेकंदांत थांबवता येतात, त्यामुळे फिरत्या पंख्याखाली प्रवासी नेण्याचे कोणतेही कारण उरलेले नाही. मात्र विद्युत मोटार आवाज न करता सुरू होऊ शकते, हे लक्षात ठेवावे. पंखे बंद, मोटारींचा वीजपुरवठा तोडलेला, आणि तसा दिवा बाहेरून दिसतो आहे, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय दार उघडायचे नाही.

चार्जिंगची केबल जाड आणि जड असते. तिला चाकांच्या ट्रॉलीवरून किंवा वरच्या कमानीवरून आणावे. जमिनीवर लोळणारी केबल प्रवाशांच्या पायात येते. केबल लागलेली असताना विमानाचे पंखे सुरू होणार नाहीत असे कुलूप विमानात असतेच, पण ओढगाडी जोडली जाणार नाही असे कुलूप तळाने स्वतः करून घ्यावे.

आठवी पायरी : बिघाड आणि आग

सगळ्यात जास्त वेळा घडणारी आणीबाणी अगदी साधी असते : विमान पॅडवर बंद पडते. ते पाच मिनिटांत हलवण्याचे साधन तळावर तयार हवे, आणि तेवढ्या वेळात येणाऱ्या सगळ्या विमानांना वळवण्याचा आदेश आपोआप निघाला पाहिजे. वीज गेली तर दिवे, रेडिओ आणि वारामापक किमान हवेतील शेवटचे विमान उतरेपर्यंत वेगळ्या बॅटरीवर चालले पाहिजेत.

आगीचा प्रकार वेगळा आहे. लिथियम बॅटरीत एका पेशीची उष्णता शेजारच्या पेशीला पेटवत जाते. ज्वाला दबल्या तरी आतली प्रक्रिया चालू राहते, आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी आग पुन्हा भडकते. इंधनाच्या आगीसाठीचा फेस इथे पुरत नाही. थंड करण्यासाठी पुष्कळ पाणी दीर्घकाळ मारावे लागते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, त्यामुळे इमारतीत हवा ओढणारे पंखे ताबडतोब बंद करण्याचे बटण तळावर असावे. गच्चीवर मारलेले हजारो लिटर पाणी कुठे जाणार, तो भार छत पेलेल का, आणि ते दूषित पाणी गटारात न जाता कुठे साठेल, हे वास्तुविशारदाला पहिल्या बैठकीतच विचारावे.

प्रत्येक स्टँडवर उष्णता टिपणारा कॅमेरा असावा आणि उतरलेल्या प्रत्येक विमानाच्या बॅटरीचा भाग त्यातून पाहावा. संशय आला तर प्रवासी आधी उतरवावेत आणि चार्जिंग सुरू करू नये. संशयित विमान इमारतीपासून आणि इतर विमानांपासून दूर ठेवण्याची जागा जमिनीवरच्या तळाला सहज मिळते. गच्चीवर ती मिळत नाही. माझ्या दृष्टीने जमिनीवरचा तळ निवडण्याचे हे सर्वात भक्कम कारण आहे.

नववी पायरी : सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर

परवाना येण्याची वाट न पाहता एक सराव करता येतो आणि तो फुकटात होतो. मोकळ्या मैदानावर खडूने पॅड आणि पाच स्टँड आखावेत, विमानांच्या जागी हातगाड्या घ्याव्यात, प्रत्येकाच्या हाती रेडिओ द्यावा आणि घड्याळ लावून दोन तास वेळापत्रक चालवावे. मधेच एका हातगाडीवर लाल कापड टाकून ती बंद पडल्याचे जाहीर करावे. कोण कोणाची वाट पाहत उभे राहते, कोणती सूचना दोघे जण एकदम देतात आणि कोणती कोणीच देत नाही, हे पहिल्या अर्ध्या तासातच दिसते.

शेजाऱ्यांशी बोलणेही याच काळात उरकावे. येण्याच्या वाटा शक्यतो मोठे रस्ते, लोहमार्ग किंवा नदी यांच्यावरून न्याव्यात, कारण तिथे आधीच आवाज असतो. कामाच्या वेळा लेखी जाहीर कराव्यात आणि तक्रारीला ज्या वेळेची नोंद असेल त्या वेळेची फेरी शोधून उत्तर द्यावे.

काम सुरू झाल्यावर रोज चार आकडे लिहावेत : पॅड प्रत्यक्षात किती मिनिटे अडकला, विमान स्टँडवर किती वेळ थांबले, निर्णयबिंदूवरून किती विमाने वळवावी लागली, आणि टेकताना बॅटरीत सर्वात कमी शिल्लक किती होती. शेवटच्या आकड्याची सरासरी काढू नये, महिन्यातला सर्वात वाईट दिवस पाहावा. तीन महिन्यांनी पॅडचा वेळ सहाऐवजी साडेसात मिनिटे भरू लागला असेल, तर कागदावरची क्षमता दहावरून आठवर आली आहे आणि नियोजनात ताशी साडेपाचच फेऱ्या बसतात. तेव्हा पुढच्या आठवड्याची तिकिटे विक्रीला जाण्याआधी त्यातील जास्तीच्या फेऱ्या काढून टाकाव्यात.